एक डबा, दोघी जणी

लग्नाबिग्नात कोणी ओळख करून देतं, "ह्यांची अमरावतीत मेस होती." त्यावर समोरची बाई आधी विचारते, "परवडत होतं का हो?" आणि लगेच आवाज खाली आणून, "वरणात पाणी किती घालत होत्या?" मी हसून घेते. वीसेक वर्षं परक्यांची पोरं जेवू घातली, एवढं ऐकायची सवय झाली आहे. वरणात पाणी लागेल तेवढंच घालत होते. परवडत मात्र होतं, आणि ते कसं, हे सांगायला थोडी जागा लागते, म्हणून हा लेख.

माझं माहेर अकोल्याचं, सासर अमरावतीचं. आमचे हे एसटीत कंडक्टर होते. आमच्या गल्लीच्या आसपास क्लासेस निघाले तशी गल्लीतल्या प्रत्येक घराने एकेक खोली भाड्याने दिली. खोल्यांतून पोरं आली. कोणी दर्यापूरचं, कोणी तिवस्याचं, कोणी थेट बार्शीटाकळीचं. पोरं आली म्हणजे त्यांची पोटं आली. मी आणि भाकऱ्या थापणारी गीताबाई, दोघींनी पुढच्या खोलीत दोन सतरंज्या टाकून सुरुवात केली. पुढे टेबलं आली, बाहेर डबे जाऊ लागले.

मेसचा धंदा बाहेरून दिसतो तसा नसतो. लोकांना वाटतं, पैसा भाजीत जातो. भाजीत फार जात नाही. पैसा जातो गॅसमध्ये, तेलात आणि ताटात टाकून दिलेल्या अन्नात. म्हणून डाळ, हरभरे, मटकी आदल्या दिवशी भिजलेलीच पाहिजे, गॅस निम्मा लागतो. तेल मी वाढत असे पळीने, ओतत नसे. आणि बाजाराचा माझा एक नियम होता. काय करायचं ते ठरवून बाजारात गेलं की बाजार आपल्याला लुटतो. बाजार बघून काय करायचं ते ठरवलं की बाजार आपल्याला जेवू घालतो. पालक ढिगाने आला की डाळभाजी. मुळे आले की मुळ्याची भाजी, आणि पाला फेकायचा नाही, तो दुसऱ्या दिवशी चुनात, म्हणजे तुम्ही ज्याला पिठलं म्हणता त्यात. कोहळं, म्हणजे लाल भोपळा, बाराही महिने स्वस्त. पोरं त्याला नावं ठेवत आणि संपवतही.

नावं ठेवणं हा मेसमधल्या पोरांचा हक्कच असतो. पोलीस भरतीची तयारी करणारा अंकुश नावाचा एक पोरगा होता. पहाटे धावायला जायचा, छाती फुगवून चालायचा. एकदा त्याने प्रोटीन पावडरचा भला मोठा डबा आणला. त्यासाठी पैसे कुठून आणले म्हणाल, तर संध्याकाळचं जेवण बंद करून. मला म्हणाला, "काकू, रोज माह्या पोळीच्या कणकीत हे एक चमचा टाकत जा." मी डबा गीताबाईकडे दिला आणि सांगितलं. गीताबाईला ऐकायला जरा कमी येतं. तिने डबा उघडला आणि सगळ्या मेसच्या कणकीत अर्धा रिकामा केला.

"माय माय!" पहिली पोळी तव्यावर पडली तशी ती ओरडली, "पोळीले आइस्क्रीमचा वास येऊन राहिला!"

त्या दुपारी सगळ्या पोरांनी व्हॅनिलाच्या पोळीबरोबर ठेचा खाल्ला. कोणी सोडलं नाही. अंकुशचा चेहरा मात्र बघवत नव्हता. मी त्याला संध्याकाळच्या जेवणाला परत बसवलं, पहाटे खिशात न्यायला भिजवलेले हरभरे आणि गुळाचा खडा दिला. डबा संपला तो संपला. गडी पुढे राज्य राखीव दलात लागला. हरभऱ्याने लागला असं मी म्हणणार नाही, पण उपाशी राहून लागला नसता, हे नक्की.

मला खरं सांगायचं आहे ते दोन मुलींबद्दल.

पूजा दर्यापूरकडच्या एका गावची. घरी काळी जमीन. कापूस, सोयाबीन, तूर, थोडी ज्वारी. उंच, काटक, बोलायला फटकळ. तीही पोलीस भरतीसाठी आलेली. तिच्या नावाने रोज दोन वेळचा एक डबा जात असे. पहिल्या आठवड्यातच ती येऊन म्हणाली, "काकू, भाजी कमी चालन, पण दोन पोळ्या जास्त टाकजा. अन् वरण डबाभर देजा."

धावणारी मुलगी, खाणारच. मी टाकत गेले. मला उलट बरं वाटायचं, डबा परत यायचा तो चाटून पुसून. पण दिवाळी झाली, थंडी सुरू झाली, आणि माझ्या लक्षात येऊ लागलं की ही पोरगी खाते एवढं, पण अंगाला काही लागत नाही. गालफडं बसली होती, डोळ्यांखाली काळं आलं होतं. मी गीताबाईला म्हटलंही, "हिच्या पोटात जंत आहेत की काय?"

एके दिवशी डबे नेणारा माणूस आला नाही. जवळचे डबे मीच पोचवायला निघाले. पूजाची खोली दोन गल्ल्या सोडून, वरच्या मजल्यावर. डबा दाराशी ठेवला, परतताना आठवलं की चटणीची पुडी हातातच राहिली. वळून दार ढकललं, तर आत दोघी जणी. डबा मध्ये उघडा. पूजाने चमच्याने भाताच्या मधून रेघ मारली होती आणि वरण दोन्ही बाजूंना मोजून घालत होती. समोर तिची खोलीतली जोडीदारीण, वैष्णवी, ताटली पुढे धरून बसलेली.

वैष्णवी तिवस्याची, तीही भरतीच्याच तयारीत. माळी घराणं, घरी भाजीचा मळा, आई बाजारात भाजी विकायची. मुलगी लहानखुरी, शांत. ती माझ्याकडे जेवतच नाही म्हणून मला वाटायचं, ही खोलीवर स्वयंपाक करत असेल. घरमालकाने खोलीत गॅस लावू दिला नव्हता, हे मला तेव्हा कळलं. क्लासची फी आणि खोलीचं भाडं गेल्यावर दोघींत मिळून एकाच डब्याचे पैसे उरत होते.

मला राग आला. कशाचा ते नीट सांगता येणार नाही. मी म्हटलं, "अगं, सांगायचं नाही का? असं लपूनछपून?"

वैष्णवीने मान खाली घातली. पूजाने घातली नाही. म्हणाली, "चोरी नाई केली काकू आमी. पैसे देऊन डबा घेतो. तो एकीनं खाल्ला का दोघीनं, तुमाले काय फरक पडते?"

मी चटणीची पुडी ठेवली आणि जिना उतरले. तिचं म्हणणं खरंच होतं. मला फरक पडत नव्हता. पडत होता तो त्यांना.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "मग दोन डबे दे, पैसे एकाचे घे." मी म्हटलं, "आणि उरलेली पोरं? त्यातल्या निम्म्यांच्या घरी हीच गत आहे. एकाला दिलं की पंधरा जण दारात." मेस चालवणारी बाई अन्नपूर्णा असते, असं लोक भाषणात म्हणतात. अन्नपूर्णेला सिलिंडर भरावा लागत नाही. मी दोघींचं काय करावं ते ठरवू शकले नाही. दुसऱ्या दिवसापासून डब्यात वरण जरा घट्ट करून पाठवू लागले, एवढंच.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पूजा पटांगणावर धावताना चक्कर येऊन पडली. वैष्णवीने तिला ऑटोत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण बाईंनी रक्त तपासलं, म्हणाल्या, रक्त फार कमी आहे, गोळ्या घे, आणि नुसत्या गोळ्यांनी होणार नाही, पोटभर खा. खोलीच्या मालकिणीने परस्पर गावी फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या जीपने पूजाचे वडील अमरावतीत हजर.

ते तिला घेऊन जायला आले होते. सामान बांधायला सांगून ते आधी मेसमध्ये आले, कारण मेसच्या पैशांचं काय ते मिटवायचं होतं. उंच माणूस, खांद्यावर दुपट्टा, पायात धुळीच्या चपला. मागे पूजा, रडून डोळे सुजलेले. मी म्हटलं, "भाऊ, पैशाचं मागून पाहू. आधी जेवा. जीप काही लगेच नाही."

दोघांना ताटं वाढली. वरण, भात, मेथीची भाजी, पोळ्या. त्यांनी वरणाचा पहिला घास घेतला आणि थांबले.

"ताई, हे डाळ मिलची दिसते."

"हो. बाजारातली आहे."

"पॉलिश केलेली. पाहा ना, चवच नाई. आमच्या वावरातली डाळ खाऊन पाहा, मंग सांगजा."

मला बोलणं लागलं. पण माणूस खोटं बोलत नव्हता. मी विचारलं, "यंदाची तूर कशी आहे?" तसे ते खुलले. पेरणी, फुलोरा, अळी, सगळं सांगू लागले. बोलता बोलता त्यांचं लक्ष पूजाच्या ताटाकडे गेलं आणि ते बोलायचे थांबले.

पूजाने अर्धा भात एका बाजूला सारून ठेवला होता. दोन पोळ्या घडी करून ताटाच्या काठाशी. भाजीचा निम्मा ढीग वेगळा. तिला स्वतःलाही कळलं नव्हतं. हात सवयीने चालला होता.

"हे कोणासाठी?" वडिलांनी विचारलं.

पूजाने ताटाकडे पाहिलं. मग म्हणाली, "वैष्णवीसाठी."

"ते कोण?"

"माह्यासंग राहते."

"तिले डबा नाई?"

पूजाने माझ्याकडे पाहिलं. मी भाताचं भांडं उचललं. हे सांगायचं तर तिनेच, असं मला वाटलं.

"मंग तुले रोज किती भेटते?"

"अर्धं."

वडिलांनी हातातला घास खाली ठेवला. आता ते ओरडतील म्हणून मी पुढे सरकले. पण आवाज चढला नाही. म्हणाले, "सांगतलं कावून नाई?"

"तुमी म्हणले असते, चाल घरी."

"म्हणलोच असतो."

मग त्यांनी मला विचारलं, "ताई, ते पोरगी कुठी हाय आता?" मी म्हटलं, खोलीवर असेल, पूजाचं सामान बांधत. "बलावा तिले. ताट वाढा. पैसे माह्याकडून घेजा."

वैष्णवी आली, घाबरत घाबरत टेबलाच्या टोकाला बसली. त्या माणसाने तिचं गाव विचारलं, मळ्यात काय लावता ते विचारलं. ती म्हणाली, वांगी, मेथी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, कडेला शेवगा. "अन् ते भाजी कुठी जाते?" "आई बाजारात इकते. उरते ते ढोराले टाकतो."

ते हसले. त्या हसण्यात आनंद नव्हता. मला म्हणाले, "पाहा ताई. मी डाळ इकतो व्यापाऱ्याले. हिची माय भाजी टाकते ढोराले. अन् ह्या दोघी इथी एका डब्यात जेवून राहिल्या."

तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "मग विकू नका सगळी. मला पाठवा."

मी फार विचार करून बोलले असं नाही. पण बोलल्यावर डोक्यात सगळं जुळत गेलं. दुकानात ज्वारी गव्हाच्या भावाच्याही वर गेली होती, गरिबाची भाकर श्रीमंतांच्या ताटात जाऊन बसली होती. तूरडाळीचं तर विचारूच नका. या दोन्ही वस्तू ह्या पोरांच्या घरी कोठीत पडून असतात. मी म्हटलं, "भाऊ, धान्य तुमचं, डाळ तुमची. वैष्णवीच्या घरून भाजी. मी घेईन फक्त गॅस, तेल, मसाला आणि आमच्या हातांचं. दोघीही इथे बसून जेवतील, डबा नको."

ते म्हणाले, "असी मदत नको आमाले."

"मदत नाही. सौदा आहे."

सौदा म्हटल्यावर त्यांना पटलं. ते पूजाकडे वळले. "तुले पोलिसात जाऊन काय करा लागते ते मले अजून बी समजत नाई," ते म्हणाले. "पण उपाशी नको जाऊ." आणि ते दुपारच्या जीपने एकटेच परत गेले. बांधलेलं सामान त्या दोघींनी पुन्हा सोडलं.

चार दिवसांनी दर्यापूरच्या जीपच्या टपावरून पोतं उतरलं. घरी भरडलेली, साल थोडी राहिलेली डाळ. ती शिजवल्यावर मी एक घास खाल्ला आणि त्या माणसाला मनातल्या मनात हात जोडले. खरंच बोलला होता. तिवस्याहून दर दोन दिवसांनी सकाळच्या बसने वैष्णवीची आई टोपली पाठवू लागली. बाजारात मागे राहिलेली, पण ताजी भाजी. शेवग्याचा पाला मी पूर्वी कधी केला नव्हता. तो वैष्णवीनेच शिकवला, डाळीत घालायचा.

मग मेसचं ताटच बदललं. आठवड्यातून चार दिवस ज्वारीची भाकर. कधी कळण्याची, म्हणजे ज्वारीत उडीद-मूग मिसळून दळलेल्या पिठाची. पालेभाजी लोखंडी कढईत, आणि ताटात लिंबाची फोड, कारण पालेभाजीतलं लोह लिंबाने अंगी लागतं, असं पूजाबरोबर दवाखान्यात गेले तेव्हा त्या डॉक्टरीण बाईंनी मला समजावून सांगितलं होतं. जवसाची चटणी रोज. बटाटा ताटातून उतरला, रविवारचं पनीर महिन्यातून एकदा झालं. पोरांनी बंड केलं. एक जण म्हणाला, "काकू, आमी जेलात हाओ का? रोज पाला!" गीताबाईने त्याच्या ताटात अजून एक भाकर टाकली आणि म्हणाली, "जेलात भाकर मोजून देते बाप्पा. खा."

बंड आपोआप विझलं, कारण बाकीच्या घरांतूनही पोती येऊ लागली. कोणाचे हरभरे, कोणाचा मूग, कोणाचं तीळ-जवस. ज्याच्या घरून जे येई ते त्याच्या मेसच्या पैशांतून वजा. एकदा डाळीचे भाव असे चढले की शहरातल्या मेसमध्ये वरण आरशासारखं झालं, आपलं तोंड दिसावं. आमच्याकडे चमचा उभा राहत होता.

पूजाचं रक्त वाढायला उन्हाळा उजाडला. गालावर रंग आला, बोलणं अजून फटकळ झालं. त्या वर्षीची भरती तिची हुकली, धावण्यात मागे पडली. पुढच्या वर्षी ती धावली, लेखी परीक्षाही पास झाली. यादीत नाव पाहून ती मेसमध्ये आली आणि माझ्या पाया न पडता आधी गीताबाईच्या पडली. वडील पेढे घेऊन आले. मला म्हणाले, "ताई, गावात लोक मले साहेबिणीचा बाप म्हणून राहिले." त्यांना ते आवडलं होतं, लपवता येत नव्हतं.

वैष्णवीचं नाव यादीत नव्हतं. दोन्ही वर्षं. पूजा ट्रेनिंगला गेली, आणि त्याच आठवड्यात वैष्णवी आपली पिशवी घेऊन तिवस्याच्या बसमध्ये बसली. निरोप घ्यायला आली तेव्हा मेसमध्ये पूजाच्या पेढ्यांची गडबड होती. मी तिच्या हातावर पेढा ठेवला. काय बोलले ते आठवत नाही, म्हणजे फारसं काही बोलले नसणार.

ते मला पुढे बरीच वर्षं सलत राहिलं. अर्धा अर्धा डबा दोघींनीही खाल्ला होता. चक्कर एकीला आली, म्हणून सगळे तिच्याभोवती जमले. वैष्णवी कधी पडली नाही. जी पडत नाही तिला कोणी विचारत नाही, की बाई, तुझं काय चाललंय.

गेल्या वर्षी माझे गुडघे गेले. डॉक्टरांनी सांगितलं, उभं राहणं बंद. ह्यांनी मेस बंद करायचं ठरवलं आणि भांडी विकायला काढली. ही बातमी तिवस्याला कोणी पोचवली मला ठाऊक नाही. एका सकाळी दारात वैष्णवी. लग्न झालेलं, कडेवर पोरगी, बरोबर नवरा. नवरा भाजीची गाडी चालवतो, मळ्यातून अमरावतीच्या बाजारात रोज येणं-जाणं. बसली, पाणी प्यायली, आणि म्हणाली, "काकू, भांडे इकून राहिल्या म्हणे?"

"हो गं. कोण करणार आता?"

"मी करतो."

मी तिला धंद्यातले खाचखळगे सांगू लागले. गॅस, पोरं, उन्हाळ्याच्या सुट्टीत रिकामी पडणारी टेबलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "काकू, मी दोन वर्षं इथी जेवली. जेवता जेवता पाहातच होती."

परीक्षेचा अभ्यास करत होती असं आम्हाला वाटत होतं, आणि ही बाई मेस शिकत होती.

आता मेस तिची आहे. खोली तीच, टेबलं तीच, गीताबाईची सून भाकरी थापते. आम्ही दोघं म्हातारी दुपारी तिच्याकडे जेवायला जातो, महिन्याचे पैसे भरून. तिने नको म्हटलं होतं. मी म्हटलं, सौदा आहे. पहिल्या दिवशी वाढायला जरा उशीर झाला तशी मी उठले आणि सवयीने आत निघाले, मीठ बघायला.

वैष्णवी दारातच आडवी आली. "काकू, कुठी चालल्या? गिऱ्हाइकानं आत यायचं नाई. बसा."

मी बसले. तिने ताट आणून समोर ठेवलं. डाळभाजी, ठेचा, लिंबाची फोड, आणि तव्यावरून थेट उतरलेली भाकर, पापुद्र्यातून वाफ निघत होती. मी बोटाने तो फोडला तर चटका बसला. वीसेक वर्षांत हजारो भाकऱ्या मी अशा गरम लोकांच्या ताटात टाकल्या. माझ्या वाट्याची भाकर नेहमी सगळे उठल्यावर, टोपल्यातली, गार. पहिला घास तोंडात घातला आणि मला कळलं, पोरं एवढी घाई का करायची जेवायला.

"मीठ बराबर हाय का?" वैष्णवीने विचारलं.

माझ्या तोंडात घास होता. मी नुसती मान हलवली आणि दुसऱ्या भाकरीसाठी ताट पुढे केलं.